नवा पत्रा सांगितला, आत निघाली लांबी आणि रद्दी

मे महिन्यात टायर बदलायला जॅक लावला. दोन-चार वेढे फिरवले, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच वर घुसला. दारांखाली जी लांब पोकळ पट्टी असते, गॅरेजवाले जिला रनिंग बोर्ड म्हणतात, तिचा हातभर तुकडा खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच. बोटभर जाडीची लांबी, म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायची पुट्टी, तिच्या मागे खुराड्याला लावतात तसली जाळी आणि आत कोंबलेली वर्तमानपत्राची रद्दी! याच कामाचे मी सात महिन्यांपूर्वी १८,००० रुपये मोजले होते.

गाडी २००३ची मारुती ८००, वडिलांनी घेतलेली. आम्ही मालवणजवळ राहतो. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातो. २०२३मध्ये पुन्हा पासिंग करायचं होतं आणि पायाखालची मॅट उचलली की रस्ता दिसायचा. गाडी भंगारात द्यायला मन होईना. ओळखीतून एक जण वेल्डिंगचं मशीन घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, कुजलेलं सगळं कापून काढतो, नवा पत्रा मारतो. दहा वर्षं बघायला नको."

पहिले दोन दिवस त्याने फ्लोअरचं काम माझ्यासमोर केलं आणि ते बरंही केलं. म्हणूनच माझा विश्वास बसला. मग आम्ही लग्नाला कुडाळला गेलो. परत आलो तर दोन्ही बाजू बंद, खालून काळं कोटिंग, वरून रंग. मधल्या कामाचे फोटो त्याने मोबाइलवर पाठवले होते. त्यातल्या पत्र्याची आतली बाजू निळी आहे. आमची गाडी आतून-बाहेरून पांढरी. हे माझ्या लक्षात आलं ते जॅक घुसल्यानंतर. फोन केला तर आधी "येतो", मग बंद. पावती नाही, पत्ता नाही.

पैशांपेक्षा एका गोष्टीने झोप उडाली. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्या रद्दीच्या भरवशावर माझी मुलगी रोज कणकवलीला जात होती.

तेव्हा काम कुणालाही द्या, पण कापल्यावर एकदा आणि वेल्डिंग झाल्यावर, प्रायमरच्या आधी, पुन्हा एकदा स्वतः वाकून बघा. उघडा पत्रा आणि वेल्डिंगचा सलग टाका डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. जुनी गाडी विकत घेताना फ्रिजवरचं चुंबक सोबत न्या. जाड लांबीवर ते धरत नाही.

डावी बाजू माझ्या भाच्याने अंगणात नव्याने केली. तो फॅब्रिकेशनमध्ये आहे. आधी बॅटरीची केबल काढली, सीट आणि कार्पेट बाहेर घेतलं, पेट्रोलचा पाइप बाजूला केला. त्या माणसाने यातलं काही केलं नव्हतं. कार्पेटखालचा नमदा जळून काळा पडला होता. चकचकीत पत्रा लागेपर्यंत भाचा कापत गेला. २० गेजचा, म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडीचा, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वाकवून बसवला. साध्या रॉडच्या मशीनने एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, म्हणून सीओटू मशीन, म्हणजे गॅसच्या आडोशाने बारीक तारेने वेल्डिंग करणारं, भाड्याने आणलं. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा वाकतो. मध्येमध्ये दार लावून फट तपासायची. पाणी निघायची भोकं लांबीने बुजली होती, ती मोकळी केली. सांध्यांना सीलर, आत गंज धरू नये म्हणून मेण.

दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधून बसते, म्हणून उजवी अजून तशीच आहे. तिथेही चुंबक धरत नाही. भाचा दिवाळीला येईल तेव्हा उघडू. तोवर मुलगी एसटीने जाते.