फॉरमॅट मारण्याआधी डेटा कुठे ठेवावा: हार्ड डिस्क, क्लाउड की ‘कीप माय फाइल्स’?

कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं घेतो, मधेच निळा स्क्रीन येतो आणि दुरुस्तीवाला म्हणतो, “फॉरमॅट मारून टाकू.” त्याला हो म्हणण्याआधी फायलींची सोय तुम्हीच लावा. तुमचं काय कुठे पडलंय, हे त्याला ठाऊक नसतं.

रिसेट करताना, म्हणजे विंडोज नव्याने बसवताना, विंडोज ‘कीप माय फाइल्स’ (माझ्या फायली ठेवा) असा पर्याय देतं आणि अनेकजण त्यावर विसंबून राहतात. हा बॅकअप नव्हे. यूजर फोल्डरमधल्या फायली त्यात राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात. रिसेट मधेच अडकलं तर तुमची एकुलती एक प्रत त्याच बिघडलेल्या मशीनमध्ये अडकून पडते. दुसरीकडे प्रत असेल तरच हा पर्याय निवडा.

कॉम्पुटर रडतखडत का होईना चालू होत असेल, तर माझा कौल एक्स्टर्नल हार्ड डिस्कला. यूएसबी ३ पोर्टवर १०० जीबी डेटा साधारण अर्ध्या तासात उतरतो, बारीक फायली खूप असतील तर जास्त वेळ लागतो. डिस्क एफएटी३२ या फायली साठवण्याच्या जुन्या पद्धतीची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरमधली फायलींची संख्या ताडून पाहा आणि चार-दोन फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, पण एकमेव प्रत त्यावर ठेवू नये.

क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीचा, मोठा फायदा म्हणजे घरात चोरी झाली, पाणी शिरलं तरी प्रत सुरक्षित. पण गूगलवर फुकट १५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ जीबी. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर १०० जीबी चढवायला बावीस तासांहून जास्त लागतात, आणि तोवर आजारी मशीन टिकलं पाहिजे. म्हणून कागदपत्रं, हिशेब आणि मोजके फोटो क्लाउडवर, बाकी सगळं डिस्कवर. वनड्राइव्ह वापरत असाल तर ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह दिसतं, त्या कॉम्प्युटरवर नसतातच हे ध्यानात ठेवा.

आता नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सगळ्यांना आठवतात. टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड मात्र मागे राहतात. मराठी डीटीपी करणाऱ्यांनी फॉन्ट आवर्जून घ्यावेत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली पत्रिका शाबूत असते, पण फॉन्ट नसला की स्क्रीनवर उमटतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. सॉफ्टवेअरची लायसन्स-कीसुद्धा आधीच लिहून ठेवा.

विंडोज उघडतच नसेल तर दोन वाटा. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायचं, इन्स्टॉल न करता, आणि फायली बाहेर काढायच्या. यात खर्च नाही, पण पेनड्राइव्ह बनवायला दुसरा कॉम्प्युटर लागतो. किंवा डिस्क काढून अ‍ॅडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडायची. डेस्कटॉपला हे सोपं, पण काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच डाग दिलेलं असतं, तिथे जमत नाही. दोन्ही वाटांवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोजने लावलेलं कुलूप, आडवा येऊ शकतो. त्याची ४८ आकडी रिकव्हरी-की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी मोबाइलवरून शोधून कागदावर उतरवा. ती नसेल तर डिस्क हातात असून उपयोग नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर तिचं नुकसान वाढत जातं.