जुना गेम आणायचा कुठून: लिलाव, जपान, दुकान की सरमिसळ खोकं?

माझ्या टेबलावर पोकेमॉन एमराल्ड या गेमची दोन कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या यंत्रात (कन्सोलमध्ये) खुपसायच्या छोट्या डब्या, शेजारी शेजारी ठेवली आहेत. दोन्ही हिरवी, अर्धपारदर्शक. पहिलं चालू केलं की लगेच तक्रार करतं: आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल, पण घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी आता घडणार नाहीत. दुसरं कसलीही कुरकुर न करता थेट सुरू होतं. नवखा माणूस दुसरंच उचलेल. मीही तेच उचललं होतं.

हा गेम निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलचा, २००४-०५चा. इतक्या वर्षांत कुणी बॅटरी बदललेली नसेल, तर अस्सल कार्ट्रिजने आतापर्यंत रडगाणं सुरू करायलाच हवं. ते ऐकू आलं नाही म्हणून मी भिंग काढलं. अस्सल कार्ट्रिजच्या तोंडात डोकावलं की सोनेरी पट्ट्यांच्या वर, बोर्डावर ‘निन्टेन्डो’ हे नाव बारीक अक्षरांत छापलेलं दिसतं. माझ्या दुसऱ्या कार्ट्रिजमध्ये तिथे नुसता कोरा बोर्ड. अस्सल लेबल उजेडात तिरकं धरलं की त्यावर दाबून उमटवलेला छोटा आकडा दिसतो. इथे तोही नाही. विक्रेत्याने फक्त पुढच्या बाजूचा फोटो टाकला होता आणि मी दुसरा मागितला नव्हता. चूक दोघांची, पैसे माझे.

त्या दिवसापासून जुने गेम कुठून घ्यावेत या प्रश्नाकडे मी एकाच बाजूने पाहतो: तपासण्याचं काम कुणाच्या गळ्यात पडतं? भाव त्याच्या मागोमाग येतो. तपासणी दुसऱ्याने केली असेल तर तिचे पैसे मोजावे लागतात, आपण करणार असू तर ते वाचतात. आता वाटा बघू.

लिलावाची साइट

ईबेसारख्या ठिकाणी तपासणी निम्मी तुमची, निम्मी विक्रेत्याची. तो फोटो देतो, तुम्ही ते वाचायचे. वस्तू वर्णनाशी जुळली नाही तर मुदतीत तक्रार करून पैसे परत मिळवता येतात. दुर्मिळ गेम पहिल्यांदाच विकत घेणाऱ्याला हा आधार मोठा असतो. मात्र तिथे लिहिलेले भाव बघून छाती दडपून घेऊ नका. ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावा, मग खरा आकडा कळतो. बाकीचे महिनोन्‌महिने तसेच पडून असलेले आकडे असतात.

शोधताना नाव चुकीचंही लिहून पाहा. ‘अर्थबाउंड’ दोन शब्दांत तोडलेलं, ‘पॅन्झर ड्रॅगून सागा’च्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गळलेलं, किंवा नावच नाही आणि नुसतं ‘जुने गेम, दहा नग’. अशा लिलावांवर बोली लावणारे कमी असतात. बोली शेवटच्या काही सेकंदांत लावायची ही युक्ती ईबेवर चालते, कारण तिथला लिलाव ठरल्या वेळी संपतो.

जपानमधून, मध्यस्थामार्फत

हा भाग जरा लांबणार आहे, कारण खजिना इथेच आहे आणि खड्डेही.

याहू ऑक्शन्स ही लिलावाची साइट, सुरुगाया आणि मांदाराके ही दुकानं, या ठिकाणी जुन्या गेमचा साठा अफाट आहे. जपानी माणूस खोकं आणि पुस्तिका जपून ठेवतो असं म्हणतात. निदान माझ्याकडे आलेल्या वस्तूंवरून ते पटतं. पण बरेच विक्रेते परदेशी पाठवत नाहीत, म्हणून झेनमार्केट, बायी असे मध्यस्थ लागतात. ते तुमच्या वतीने बोली लावतात, वस्तू स्वतःच्या गोदामात घेतात आणि पुढे पाठवतात. मध्यस्थाचं शुल्क, जपानमधलं टपाल, परदेशी टपाल आणि आल्यावर कस्टम्स, अशा चार जागी पैसे जातात. एकच कार्ट्रिज मागवलं तर ते स्वस्त पडत नाही. आठ-दहा एकत्र केली तरच गणित जमतं. शेवटच्या सेकंदाची युक्ती इथे विसरा. बऱ्याच लिलावांत अखेरच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो.

शोध जपानी नावानेच घ्यायचा. मेगा मॅन तिथे रॉकमॅन, अर्थबाउंड तिथे मदर २, आणि पॅन्झर ड्रॅगून सागा तिथे अझेल.

तपासणी? संपूर्ण तुमची. मध्यस्थ खोकं फुटलंय का एवढं फार तर पाहील. आणि वर्णनात ‘जंक’ हा शब्द असेल तर परतीचा दरवाजा बंद समजा. गंमत अशी की कार्ट्रिजच्या बाबतीत ‘जंक’चा अर्थ पुष्कळदा ‘चालवून पाहिलं नाही’ एवढाच असतो. मी सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी कन्सोलची पाच कार्ट्रिज अशी घेतली. पट्ट्या काळ्या पडलेल्या, चालू करायला जावं तर पडदा कोरा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी दहा मिनिटं फिरवली, काडी काळीकुट्ट झाली, आणि चार जिवंत झाली. पाचवं चालायचं पण सेव्ह (कुठवर खेळलो त्याची नोंद) टिकवत नव्हतं. स्क्रूड्रायव्हरला ३.८ मिमीचा खास बिट लावून उघडलं, आतली सीआर२०३२ बॅटरी सोल्डर करून बदलली. डिस्कच्या बाबतीत मात्र ‘जंक’ला हात लावू नका. सीडीवरची माहिती लेबलच्या अगदी खाली असते; खालच्या बाजूचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा ओरखडा माहितीच घेऊन जातो.

आणि जपानी गेम तुमच्या कन्सोलवर चालतो का ते आधी पाहा. गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्सना प्रदेशाचं कुलूप नाही, कुठल्याही देशातला गेम चालतो. निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ६० पिना, त्याच्याच बाहेरच्या आवृत्तीच्या, एनइएसच्या, कार्ट्रिजला ७२, त्यामुळे अडॅप्टर लागतो. सेगा कंपनीच्या सॅटर्न या कन्सोलची जपानी डिस्क जपानबाहेरच्या सॅटर्नवर तशीच चालत नाही, वर वेगळं कार्ट्रिज खुपसावं लागतं.

जुन्या गेमचं दुकान

तपासणी दुकानाची, भाव सर्वांत चढा, वस्तू हातात घेऊन पाहता येते. ज्याला बोर्ड ओळखता येत नाही आणि शिकायचंही नाही त्याने इथेच जावं. बाकी लिहिण्यासारखं फारसं नाही.

सरमिसळ खोकं

कुणाच्या माळ्यावरचा कन्सोल, तारा, दोन तुटके कंट्रोलर आणि वीस-तीस गेम, सगळं एकदम. यात कधीकधी एकच गेम हवा असतो आणि बाकीचे विकून तो फुकटात पडतो. पण विकायलाही वेळ लागतो, आणि घरात तिसरा बिघडलेला प्लेस्टेशन आला की त्याची जागा समजावून सांगावी लागते. फोटोतल्या ढिगाऱ्यात कार्ट्रिजच्या कडा ओळखता येत असतील, तरच हा खेळ खेळा.

संग्राहकाकडून थेट

माझा आवडता मार्ग. समोरच्याला बोर्डाचा फोटो मागितला तर तो रागवत नाही, न मागताच पाठवतो. पण इथे तपासणीची हमी म्हणजे त्या माणसाची पत, दुसरं काही नाही. पेपॅलवर पैसे ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकारात पाठवायला सांगितलं तर खरेदीदाराचं संरक्षण जातं, हे ठाऊक असूनच होकार द्या.

आता हेच चार गेमना लावून बघू.

एमराल्ड दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे तो खरा एमराल्ड. मागचा आणि तोंडाचा फोटो मिळाला तर लिलाव, नाहीतर दुकान. जपानी प्रत घ्यायची असेल तर संवाद जपानीत असतील.

रेडियंट सिल्व्हरगन सॅटर्नवर १९९८ साली फक्त जपानमध्ये आला. गोळीबाराचा गेम, वाचायला जवळजवळ काही नाही. इथे जपानखेरीज दुसरीकडे जाण्यात अर्थच नाही; इतर ठिकाणी मिळणारी प्रतही तिथूनच आलेली असते, वर मधल्याचा नफा.

पॅन्झर ड्रॅगून सागा त्याच वर्षीचा. इंग्रजी प्रती सॅटर्न मरणपंथाला लागलेला असताना थोड्याच निघाल्या, आणि गेम पुन्हा कधी प्रसिद्ध झाला नाही. चार डिस्क आहेत, म्हणजे प्रत्येकीचे दोन्ही बाजूंचे मिळून आठ फोटो मागायचे. इंग्रजी प्रत संग्राहकाकडून किंवा संरक्षण असलेल्या लिलावातून, दुसरीकडून नाही. जपानी अझेल त्यामानाने खूप सहज मिळतो, पण हा संवादांनी भरलेला गेम आहे. शोकेससाठी हवा असेल तर अझेल घ्या आणि उरलेल्या पैशात आणखी चार गेम आणा.

अर्थबाउंड १९९५मध्ये मोठ्या खोक्यात, गाइडबुकसकट आला होता. नुसतं कार्ट्रिज हवं की सगळा संच, हे आधी ठरवा, कारण दोन्ही किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खोक्याच्या नव्याने छापलेल्या नकला फिरतात आणि फोटोत त्या मूळ खोक्यापेक्षा देखण्या दिसतात. पुठ्ठा फारच करकरीत असेल तर कोपऱ्यांचे फोटो मागा. एमराल्डच्या बॅटरीसारखंच आहे हे, थकवा न दिसणं हीच शंकेची जागा.

फक्त खेळायचं असेल तर यातलं काहीच करू नका. रेडियंट सिल्व्हरगन २०११मध्ये एक्सबॉक्स ३६०वर आणि २०२२मध्ये स्विचवर आला. अर्थबाउंड २०२२पासून निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेवर आहे. पण त्यावर कायमची भिस्त ठेवता येत नाही. निन्टेन्डोच्या वी यू आणि ३डीएस या कन्सोलच्या इ-शॉपमधली, म्हणजे ऑनलाइन दुकानातली, खरेदी २७ मार्च २०२३ला बंद झाली. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने त्याच वर्षी मांडलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात नव्याने मिळत नाहीत.

राहिला तो प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद, गुण देऊन विकला जाणारा गेम. तो मी या तुलनेत धरलेला नाही. ती पेटी उघडली की किंमत जाते, आणि न उघडता कार्ट्रिजच्या तोंडात डोकावता येत नाही.

माझ्याकडे सध्या अझेलच्या चारही डिस्क आहेत. इंग्रजी सागासाठी एका संग्राहकाशी बोलणं चालू आहे. त्याने सहा फोटो पाठवलेत, तिसऱ्या डिस्कचे दोन्ही अजून यायचेत.