बागेला मांजरकुंपण: कलती जाळी, फिरता रूळ, बंद पिंजरा की गळ्यातला पट्टा?

कुंपण घालायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माझं मांजर यावरून उडी मारेल का? दुसरा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही आणि निवड बहुतेक वेळा त्यावरच ठरते: बाहेरून आत काय येऊ शकतं? परका बोका, भटकं कुत्रं, साप, झडप घालणारा शिकारी पक्षी. मिळणारे बरेचसे उपाय आपलं मांजर आत ठेवण्यापुरतेच बनवलेले असतात. एखादा तर परक्या बोक्याला आत यायची वाट मोकळी ठेवतो आणि बाहेर पडायची बंद करतो. म्हणून खाली प्रत्येक उपाय या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

आधी समोर कोण आहे ते बघू. धडधाकट मांजर उभ्या उडीत दीड मीटरपर्यंत जातं, काही मांजरं त्याहूनही वर. लाकडी फळ्या, खडबडीत विटा किंवा चौकड्यांची जाळी असेल तर उडीचीही गरज नाही; नखं रोवून ते कितीही उंच चढतं. पुढचे पाय सांगाड्याला मुख्यतः स्नायूंनीच जोडलेले असल्यामुळे डोकं घुसेल त्या फटीतून बाकीचं अंगही बहुधा निघतं. कच्चे दुवे दोनच. पाठ जमिनीकडे करून, वर लटकत पुढे सरकणं त्याला जमत नाही. आणि पायाखाली हलणाऱ्या गोष्टीवर वजन टाकायला ते कचरतं. मांजरकुंपणाच्या चांगल्या रचना या दोन दुव्यांवरच उभ्या आहेत.

कलती जाळी

भिंतीच्या किंवा कुंपणाच्या माथ्यावर आतल्या बाजूला साधारण 45 अंशांत झुकलेले ब्रॅकेट बसवायचे आणि त्यांवर अर्धा मीटर रुंदीची जाळी सोडायची. मांजर भिंत चढून वर येतं, डोक्यावर जाळी लागते, पंजा टाकला की ती लोंबते, आणि ते मागे फिरतं. जमिनीपासून जाळीच्या कडेपर्यंतची उंची 1.8 मीटर तरी हवी. भिंत बुटकी असेल तर ब्रॅकेटचा सरळ भाग लांब घ्यावा आणि मधल्या जागेतही जाळी भरावी.

इथे एक गोष्ट कामगाराला आधीच बजावून सांगावी लागते. जाळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून बसवायची सवय त्याच्या हाताला असते. दिसायला ते नीटनेटकं दिसतं, पण ताणलेल्या जाळीत नखं पक्की अडकतात आणि मांजर तिच्यावरून शांतपणे पलीकडे जातं. जाळी सैलच हवी.

जाळीच्या निवडीतही लोक फसतात. गॅलरीला कबुतरांसाठी लावतात ती बारीक नायलॉनची जाळी स्वस्त आणि हाताशी असते म्हणून घेतली जाते. मांजर ती कुरतडतं. शिवाय बागेत आणि जमिनीलगत तिच्यात पक्षी आणि साप अडकून मरतात. उन्हाला टिकणारी जाड पॉलिथिनची किंवा तारेची जाळी घ्यावी. भोकं 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत. पिल्लं असतील तर निम्मी. गडद रंगाची जाळी झाडांच्या हिरव्यात लवकर दिसेनाशी होते, पांढरी वर्षभर डोळ्यांत खुपते.

आता दुसरी बाजू. परका बोका बाहेरून भिंत चढतो, जाळीवर पाऊल पडताच आत कोसळतो किंवा मुद्दाम उडी टाकतो. परत जाताना तीच जाळी त्याच्या डोक्यावर. आता एका बंद बागेत दोन मांजरं आहेत, पळायला जागा नाही आणि चावे ठरलेले. एफआयव्ही हा मांजरांचा विषाणू प्रामुख्याने अशाच चाव्यांतून पसरतो. परिसरात नसबंदी न झालेले बोके फिरत असतील तर एकाच बाजूला कललेली जाळी मी सुचवणार नाही. यावर तोड म्हणजे दोन्हीकडे पसरलेले, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे ब्रॅकेट. पण मग बाहेरची अर्धी जाळी शेजाऱ्याच्या हद्दीवर किंवा रस्त्यावर येते. त्यासाठी आधी विचारावं लागतं आणि सगळेच शेजारी हो म्हणतात असं नाही.

देखभालही आहे. पालापाचोळा साठून जाळी खाली ओढली जाते, वादळात ब्रॅकेट वाकतात. आणि वेल चढू दिला, तर तो वर्षभरात मांजरासाठी शिडी होतो. जाळी लपवायला म्हणून जाई-जुई चढवायचा मोह आवरावा.

फिरता रूळ

कुंपणाच्या माथ्यावर आडवी, स्वतःभोवती फिरणारी नळी किंवा पाती. मांजर उडी मारून पुढच्या पंजांनी कड धरतं आणि मग अंग वर ओढतं. कडच फिरली तर ओढायला आधार राहत नाही, ते खाली येतं. तयार रूळ मिळतात. घरी करायचा तर ताणलेल्या तारेवर बारीक नळी आणि तिच्यावर सैल फिरणारी जाड पीव्हीसी नळी घालतात.

रुळाचं जमेचं अंग सरळ आहे: तो कलत्या जाळीपेक्षा सुबक दिसतो, वाऱ्याला अडवत नाही, आणि पातळ कुंपणावर बाहेरून चढणाऱ्या बोक्यालाही तितकाच अडवतो. हा शेवटचा फायदा जाहिरातींत मागे पडतो, माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे.

पण तो जागेच्या बाबतीत फार नखरेल आहे. कुंपण 1.8 मीटरपेक्षा बुटकं असेल तर चपळ मांजर रूळ ओलांडूनच जाईल. विटांच्या रुंद भिंतीवर मधोमध बसवलेल्या रुळाचा उपयोग नाही, कारण त्याच्या अलीकडच्या कट्ट्यावरच मांजराला उभं राहता येतं. तिथे दोन्ही कडांना एकेक रूळ लावावा लागतो आणि खर्च दुप्पट होतो. कोपरे, फाटकाचे खांब, पातळी बदलते त्या पायऱ्या, अशा प्रत्येक ठिकाणी रूळ तुटतो. त्या तुटलेल्या चार बोटांच्या जागेत मांजर पंजा टेकतं. लांब, सरळ, सारख्या उंचीचं आणि गुळगुळीत कुंपण असेल तरच रूळ घ्यावा. जुन्या, वाकड्यातिकड्या भिंतीला कलती जाळीच बरी. ती वळणं सामावून घेते.

बंद पिंजरा

पिंजरा हा शब्द ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. हल्ली त्याला कॅटिओ म्हणतात. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेली ही मांजरांची खोली घराच्या खिडकीला किंवा दाराला जोडलेली असते. बाग मोकळी मिळत नाही, हे खरं. पण वरून येणारा पक्षी, कुंपणाखालून येणारं कुत्रं आणि परका बोका या तिघांना एकदम थांबवणारा उपाय या यादीत हा एकच आहे. साप अडवायचा असेल तर मात्र खालच्या अर्ध्या मीटरला फार बारीक जाळी लागते.

इथे जाळी वेल्डिंगची, साधारण 2.5 सेंटिमीटर चौकोनांची घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी मांजराला आत ठेवेल, पण जोर लावणारं कुत्रं ती फाडून आत शिरू शकतं. तळाशी जाळीची पट्टी जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर पसरून दाबली की उकरून आत येणं थांबतं. माणसांसाठी दार ठेवायचं तर एकामागे एक दोन दारं ठेवावीत, म्हणजे तुम्ही आत शिरताना मांजर पायांतून निसटलं तरी दुसऱ्या दाराशी अडतं.

लोक जमिनीचं क्षेत्रफळ मोजत बसतात. मांजराला हवी असते उंची. लहानशा पिंजऱ्यातही वेगवेगळ्या पातळ्यांवर फळ्या, लपायला एक खोका, नखं घासायला ओंडका आणि बाहेरचं दिसेल असा एक उंच कोपरा असेल तर ते तिथे रमतं. मोठ्या पण रिकाम्या पिंजऱ्यात ते दाराशी बसून ओरडत राहतं. दोन मांजरं असतील तर कोणत्याही फळीवर उतरायला दोन वाटा हव्यात, नाहीतर दांडगं मांजर दुसऱ्याला कोंडून ठेवतं. छपराला नुसता पत्रा टाकू नये, उन्हात आत भट्टी होते. आणि घरात परत यायची झडप मांजर बाहेर असेपर्यंत उघडीच असावी.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील, तर खांबांवर उभा राहणारा सुटा पिंजरा किंवा बागेच्या आत, भिंतीपासून दूर उभं केलेलं सुटं जाळीकुंपण घेता येतं. घर बदलताना ते सोबत नेता येतं.

विजेचं अदृश्य कुंपण

जमिनीत पुरलेली तार आणि मांजराच्या गळ्यात यंत्र. तारेजवळ गेलं की आधी आवाज, तरीही पुढे गेलं तर विजेचा झटका. वेल्समध्ये मांजर-कुत्र्यांसाठी झटका देणाऱ्या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे. उलट इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा कुंपणात दीर्घकाळ राहिलेल्या मांजरांच्या वागणुकीत कायमचं नुकसान आढळलं नव्हतं. तेव्हा क्रूरतेचा वाद घटकाभर बाजूला ठेवू. माझी हरकत साधी आहे: हे कुंपण बाहेरच्या कोणालाच अडवत नाही. कुत्रं निवांत आत येतं. घाबरलेलं मांजर झटका सोसून बाहेर पळतं आणि भीती ओसरल्यावर घरी यायला निघालं की तोच झटका वाटेत उभा असतो. फार मोठी मोकळी जमीन, जिथे दुसरं काही शक्यच नाही, तिथेच मी याचा विचार करेन, तोही अनिच्छेने.

हार्नेस आणि दोरी

एकच मांजर असेल आणि तुमच्याकडे रोज थोडा वेळ असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय हाच. दोरी गळपट्ट्याला बांधायची नाही, छातीभोवतीच्या हार्नेसलाच. मांजर उलट्या पावली अंग काढून घेण्यात पटाईत असतं, म्हणून पट्टा आणि अंग यांत एक-दोन बोटंच जातील इतका तो बसलेला असावा. आधी घरात, खाऊ देत सवय करावी. काही मांजरं हार्नेस घातला की आडवीच पडून राहतात आणि त्यांना उठायला बरेच दिवस लागतात. दोरी खुंटीला बांधून आत निघून जाणं मात्र धोक्याचं: झाडावर चढलं तर लटकेल, कुत्रं आलं तर पळता येणार नाही.

भिंतीवर रोवलेल्या काचा, प्लॅस्टिकचे काटे, संत्र्याची सालं, मिरपूड या गोष्टींवर वेळ घालवू नये. काचांनी जखमा होतात आणि तरीही मांजर त्यांच्यामधून पाऊल टाकत जातं. वास पहिल्या पावसात जातो.

कुठलंही कुंपण घ्या, ते सुटतं बहुधा फाटकाखालच्या फटीत किंवा एखाद्या झाडापाशी. कुंपणापासून दोन मीटरच्या आतल्या फांद्या छाटाव्यात. खोडाला साठेक सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, त्याची वरची कड दोन मीटरवर येईल असा, आणि खोड वाढेल तसा सैल करत राहावा. पाण्याची टाकी, सायकल, कुंड्यांचा मांडव, अवजारांची खोली, हे सगळे उडीचे कट्टे आहेत. भिंतीपासून दूर सरकवावेत किंवा त्यांच्या वर जाळी जास्त उंच घ्यावी.

आणि मांजर आत कोंडलं म्हणजे आत जे आहे तेच ते हुंगणार, चघळणार. लिलीचं पान किंवा अंगाला लागून चाटलेला परागही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. ती झाडं बागेतून काढूनच टाकावीत. सायकस आणि कण्हेरही नकोत. गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणि उंदरांचं विष या दोन्ही गोष्टी अशा बागेत आणूच नयेत.

माझी निवड विचाराल तर: भटकी कुत्री किंवा मोकाट बोके असलेल्या भागात बंद पिंजरा, दुसरा विचारच नाही. शांत वस्तीत उंच भिंती आधीच असतील तर कलती जाळी, शक्यतो दोन्ही बाजूंची. रूळ फक्त सरळ कुंपणाला. म्हाताऱ्या किंवा फार न उडणाऱ्या मांजराला साधी जाळीही पुरते, तर वर्षभराच्या आतलं तरणं मांजर प्रत्येक रचनेची परीक्षा घेतं. नसबंदी, लसी आणि मायक्रोचिप यांतलं काहीही कुंपण आहे म्हणून टाळता येत नाही.

काम झाल्यावर पहिले काही दिवस जेवणाच्या थोडं आधी, भूक लागलेली असताना मांजराला सोडा, म्हणजे हाक मारली की परत येईल. सोबत बसा आणि ते कुठे वर बघत थांबतं ते पाहा. एकाच कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा टक लावून, मागचा भाग हलवत ते उडीचा अंदाज घेत असेल, तर पुढचा ब्रॅकेट तिथे लावायचा.