मेपलच्या रसासाठी जुना व्हॅक्यूम पंप: आम्हाला कसं फसवलं गेलं

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात फेब्रुवारी लागला की जुन्या व्हॅक्यूम पंपांच्या जाहिराती दिसू लागतात. ‘मेपलसाठी तयार, जोडा आणि चालू करा’ असं लिहिलेलं असतं आणि सोबत नवा रंग मारलेल्या पंपाचा फोटो. अशाच एका जाहिरातीवरून माझ्या भावाने आणि मी पंप घेतला. साडेतीन हजार डॉलर तर गेलेच, पण मागचा हंगामही बहुतेक सगळा हातातून गेला. न्यूयॉर्क राज्यात आणि ओंटारियोत आमच्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी मेपलची झाडं असलेली जमीन घेतली आहे आणि तीही आता पंप शोधताहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं तपशिलाने लिहिते आहे.

हा धंदा माहीत नसलेल्यांसाठी थोडं आधी सांगते. रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा चार-पाच अंशांवर गेलं की मेपलच्या झाडाला पाडलेल्या भोकातून रस येतो. आमच्या आजोळी, सांगलीकडे, उसाचा रस काहिलीत आटवतात, तसाच इथे हा आटवतात. फरक एवढाच की यात साखर जेमतेम २ टक्के, त्यामुळे साधारण ४० गॅलन रसाचं १ गॅलन सिरप होतं. पूर्वी प्रत्येक झाडाला बादली टांगत. आता झाडाझाडांतून नळ्या जातात, त्या मेनलाइनला मिळतात, आणि शेवटी पंप त्यातली हवा ओढून रस खेचतो. बादलीत टॅपमागे, म्हणजे झाडाला पाडलेल्या दर भोकामागे, हंगामाला १० गॅलनच्या आसपास रस मिळतो, चांगल्या व्हॅक्यूमवर त्याच्या दुप्पट. व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात, आणि अंडरहिल इथल्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार दर इंचामागे रस ५ ते ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून सगळ्यांची धडपड २५ इंचांच्या पुढे जाण्याची असते, आणि फसवणारे नेमकं तिथेच गाठतात.

आमचे टॅप ९०० च्या आसपास. दर १०० टॅपना मिनिटाला १ घनफूट हवा, हा इथला रूढ हिशेब, वर गळतीसाठी थोडी जास्त क्षमता. पंपाच्या नेमप्लेटवर ३० घनफूट लिहिलं होतं, म्हणजे भरपूर झालं. विक्रेत्याने आम्हाला डोंगरातल्या त्याच्या शेडमध्ये नेलं. पंप लाकडी चौकटीवर बसवून ठेवलेला, ओढीच्या तोंडावर व्हॉल्व्ह बंद, तिथेच गेज. त्याने बटण दाबलं आणि काटा २९ वर जाऊन थांबला. ‘सगळ्या काउंटीत असा पंप मिळणार नाही,’ तो म्हणाला. बसवून देणं किमतीतच होतं. पावतीच्या तळाशी मात्र ‘जसा आहे तसा’ अशी ओळ होती.

या प्रात्यक्षिकात दोन लबाड्या होत्या. त्या नीट समजून घ्या, कारण हा प्रकार करणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

पहिली लबाडी बंद तोंडाची. तोंड बंद असलं की आत नवी हवा येतच नाही, त्यामुळे पाती झिजलेला, दमलेला पंपसुद्धा काटा वर नेतो. रानात तसं नसतं. शेकडो तोट्या, जोड, खारींनी कुरतडलेल्या जागा, सगळीकडून सतत थोडी थोडी हवा येत असते, आणि झाडातूनही वायू येतो. ती हवा बाहेर टाकत टाकत २५ इंच टिकवायचे असतात. म्हणून नुसता काटा पाहून काही कळत नाही. २० आणि २५ इंचांवर पंप मिनिटाला किती हवा काढतो ते मोजून दाखवायला सांगा. दूधयंत्रांचं काम करणाऱ्या तंत्रज्ञांकडे हवा मोजायचं मीटर असतं. ते बोलावण्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. आणि नेमप्लेटवरचा आकडा कुठल्या व्हॅक्यूमवरचा आहे तेही विचारा, कारण मोकळ्या हवेतले ३० घनफूट आणि २५ इंचांवरचे ३० घनफूट यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

दुसरी लबाडी गेजमध्येच होती. समुद्रसपाटीवर हवेचा दाब २९.९२ इंच असतो आणि दर हजार फुटांना तो साधारण एका इंचाने घटतो. त्याचं शेड जवळपास १५०० फुटांवर. तिथे परिपूर्ण निर्वात केलं तरी गेज २८.३ च्या आसपास थांबायला हवं. २९ इंच तिथे जगातला कुठलाच पंप दाखवू शकत नाही. भावाने चालू करतानाचा व्हिडिओ काढला होता. बटण दाबण्याआधी क्षणभर गेज त्यात दिसतं, आणि काटा शून्यावर नाही, ३ च्या पुढे आहे. काटा मुद्दाम सरकवलेला होता. पंप चालू होण्याआधी तोंड उघडून काटा शून्यावर येतो का ते पाहा, आणि शक्यतो स्वतःचं गेज घेऊन जा.

बसवायला तो स्वतः आला. रिलीजर जोडला, म्हणजे व्हॅक्यूम न मोडता रस टाकीत सोडणारं उपकरण. पण रिलीजर आणि पंप यांच्यामध्ये मॉइश्चर ट्रॅप बसवला नाही. ‘या पंपाला लागत नाही,’ असं ठाम सांगितलं. हा ट्रॅप रस किंवा पाणी पंपात जाऊ देत नाही. त्याने तो का टाळला, ते पुढे कळलं.

पहिला चांगला रस सुटला त्या दिवशी मेनलाइनवर १२ इंच. फोन केला तर उत्तर एकच: तुमच्या लाइनी गळताहेत. गुडघाभर बर्फात आम्ही सगळं रान पालथं घातलं, खारींनी चावलेले तुकडे बदलले, जोड घट्ट केले. काटा इंचभर वर आला आणि तिथेच अडला. पंप मात्र इतका तापायचा की जवळ उभं राहवत नसे. मग त्याने पवित्रा बदलला. काचेतून तेल दुधाळ दिसतंय, म्हणजे तुम्ही पंपात रस जाऊ दिला, आता माझी जबाबदारी नाही. जो ट्रॅप त्यानेच बसवू दिला नव्हता, त्याच्या नसण्याचं खापर त्याने आमच्यावर फोडलं.

इथे मला फार राग येतो, कारण मेपलमध्ये गेलेला वेळ भरून निघत नाही. भोक पाडल्यापासून पाच-सहा आठवड्यांत जंतू वाढतात, झाडही जखम बंद करू लागतं, आणि रस आटतो. एप्रिलमध्ये कळ्या फुगल्या की जो रस येतो त्याच्या सिरपला वाईट चव लागते. ज्या दिवसांत आम्ही त्याच्या सांगण्यावरून गळती शोधत होतो, तेच रस वाहण्याचे मुख्य दिवस होते.

शेवटी शेजारच्या वयस्कर शेतकऱ्याने ऐन हंगामात स्वतःचा जादाचा पंप आणून दिला. त्याच लाइनी, तोच रिलीजर, आणि गेज २४ वर. लाइनी ठीक होत्या हे त्या दिवशी सिद्ध झालं. त्यांनीच आमच्या पंपाची नेमप्लेट टॉर्च लावून पाहिली. रिव्हेट नवे कोरे, आणि पट्टीखालीही नवा रंग. सीरियल नंबर आणि फोटो उत्पादकाला पाठवले. उत्तर आलं की तो नंबर बऱ्याच मोठ्या मॉडेलचा आहे, आणि फोटोतला पंप गाईंच्या दूधयंत्राचा, सलग १५ इंचांवर चालण्यासाठी बनवलेला आहे. दूधयंत्राचे पंप मेपलला वापरतात, त्यात गैर काही नाही, पण मग तसं सांगून आणि त्या किमतीला विकायला हवेत.

‘जसा आहे तसा’ या ओळीला घाबरू नका. खोटी पट्टी आणि खोटं वर्णन तिच्या आड लपत नाही. व्हरमाँटच्या ग्राहक कायद्यात शेतीसाठी केलेली खरेदीही येते, आणि ॲटर्नी जनरलचा ग्राहक साहाय्य कार्यक्रम तक्रार घेतो. आम्ही जाहिरात, व्हिडिओ, पावती आणि उत्पादकाचं पत्र जोडून तक्रार केली आहे. त्यानंतर विक्रेत्याने अर्धे पैसे देऊ केले, पण पंप परत हवा या अटीवर. आम्ही नाही म्हटलं. पंप त्याच्या हाती गेला तर पुढच्या फेब्रुवारीत तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारेल.

कुणी जुना पंप बघत असेल तर पैसे देण्याआधी नेमप्लेटचा जवळून काढलेला फोटो आणि सीरियल नंबर मागून घ्या, उत्पादकाकडून खात्री करून घ्या, आणि शंका वाटली तर मला कळवा. आमच्या पंपाचे फोटो पाठवते, ताडून बघता येतील.