जुन्या इंग्लिश डिक्शनऱ्यांमधले कायद्याचे शब्द: काही महिने वापरून झाल्यावर

आधी सांगतो हे सगळं कशासाठी वापरतोय. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या खटल्यांचे १६७४ पासूनचे छापील वृत्तांत नेटवर फुकट आहेत आणि मला ते वाचायचा नाद लागलाय. त्यात सारखं दिसतं की चोरलेला माल चांगला पाच-सहा शिलिंगांचा (एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स), आणि ज्युरी म्हणते दहा पेन्सच्या चोरीत दोषी. हे काय गौडबंगाल? हातातली पॉकेट डिक्शनरी म्हणते लार्सनी म्हणजे चोरी, विषय संपला. जुनी उघडली की कळतं, बारा पेन्सपर्यंतची ती पेटी (म्हणजे छोटी) लार्सनी, त्यावरची ग्रँड (मोठी), आणि ग्रँडला फाशी होऊ शकायची. म्हणजे ज्युरीवाले माणूस वाचवायला मालाची किंमत मुद्दाम पाडत होते! इंग्लंडमधे हा भेदच १८२७ मधे काढून टाकला, त्यामुळे आजच्या छोट्या डिक्शनरीने तो कशाला सांगावा.

सुरुवात सगळे करतात तशी सॅम्युएल जॉन्सनच्या प्रसिद्ध इंग्लिश डिक्शनरीपासून केली, १७५५ ची. स्कॅनही आहेत आणि सर्च करता येईल अशी वेबसाइटही आहे. स्कॅन वापरणार असाल तर आधीच सांगतो, पहिले काही दिवस वैताग येतो. आय आणि जे एकाच अक्षरात धरलेत, यू आणि व्ही पण तसंच, त्यामुळे ज्युरी शोधायला जे चा वेगळा भाग बघत बसलात तर बसा. शिवाय शब्दाच्या मधला एस तेव्हा एफसारखा छापायचे आणि कॉम्प्युटरने उतरवलेल्या मजकुरात ट्रीझनचं (राजद्रोह) 'ट्रीफन' होऊन बसलेलं असतं, सर्चला सापडणार कसं? मी आता दोन्ही स्पेलिंगं टाकून बघतो.

जॉन्सन वाचायला धमाल आहे हे मान्य. एक्साइजच्या (मालावरचा कर) अर्थात त्याने सरळ लिहिलंय की हा द्वेष वाटावा असा कर आहे आणि तो ठरवणारे भाड्याने ठेवलेले नीच लोक आहेत. एक्साइज कमिशनर इतके भडकले की त्यांनी ॲटर्नी जनरलचा, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाचा, सल्ला घेतला, तो म्हणाला बदनामी तर आहे, पण खटला काही भरला नाही. वाचायला मजा येते, पण एक्साइज प्रत्यक्षात कसा बसवायचे हे त्यातून कितीसं कळणार?

आणि खरी गोम पुढेच आहे. जॉन्सन स्वतः वकील नव्हता, कायद्याचे शब्द आले की तो बऱ्याचदा खाली 'कॉवेल' असं नाव टाकून मोकळा होतो. हा जॉन कॉवेल केंब्रिजचा प्राध्यापक, त्याची डिक्शनरी १६०७ ची, म्हणजे जॉन्सनच्या जवळपास दीडशे वर्षं आधीची! शिवाय कॉवेल साधा माणूस नाही, त्याने राजा आणि पार्लमेंट या शब्दांखाली राजाला कायद्याच्या वर नेऊन बसवलं, पार्लमेंट खवळलं आणि शेवटी १६१० मधे खुद्द राजाला जाहीरनामा काढून पुस्तक दाबावं लागलं. नंतर ब्लाउंटची लॉ डिक्शनरी आली १६७० मधे, मग जेकबची १७२९ मधे, आणि एकमेकांचं उचलणं इतकं चालायचं की ब्लाउंटने वैतागून १६७३ मधे त्यावर आख्खं पुस्तिकेएवढं भांडण छापलं. त्यामुळे तीन डिक्शनऱ्यांत एकच अर्थ मिळाला म्हणून खूश होऊ नका, तिन्ही साक्षीदार एकाच घरचे असू शकतात. मी आता आधी बघतो की हा अर्थ मुळात कोणाचा.

रोजच्या वापराला मला सगळ्यात आवडली ती नोआ वेबस्टरची अमेरिकन डिक्शनरी, १८२८ ची. वेबस्टर स्वतः वकिली केलेला माणूस, एसची भानगड संपलेली, आणि मुख्य म्हणजे इंग्लंडमधे काय आणि अमेरिकेत काय हे तो बऱ्याच ठिकाणी वेगळं सांगतो. ट्रीझनच बघा. बायकोने नवऱ्याला मारलं किंवा नोकराने मालकाला, तर तो इंग्लंडमधे नुसता खून नाही, पेटी ट्रीझन, म्हणजे छोटा राजद्रोह! (नवऱ्याने बायकोला मारलं तर साधा खून, हे वेगळं सांगायला नको. आणि १७९० पर्यंत अशा बायकांना जाळायची शिक्षा होती.) जॉन्सनकडे हे कॉवेलच्या नावाने येतं, वेबस्टर पुढे लिहितो की अमेरिकेत असा गुन्हाच नाही, तिथे हा फक्त खून. गंमत म्हणजे त्याच १८२८ मधे इंग्लंडनेही पेटी ट्रीझन रद्द केलं, म्हणजे इंग्लंडपुरती त्याची नोंद छापल्या छापल्याच जुनी झाली.

ब्लॅकची लॉ डिक्शनरी १८९१ ची आणि दुसरी आवृत्ती १९१० ची, लॅटिन आणि लॉ फ्रेंचसाठी (इंग्लिश कोर्टांतली जुनी कायद्याची फ्रेंच) उत्तम, तिथे तक्रार नाही. तक्रार आहे ती वापरणाऱ्यांबद्दल. अमेरिकेत स्वतःला सॉव्हरिन सिटिझन म्हणवणारी एक जमात आहे, ते असल्या जुन्या डिक्शनरीतला 'ड्रायव्हर' काढतात, तिथे अर्थ कामावर ठेवलेला गाडी हाकणारा, मग म्हणतात मी कुणाचा नोकर नाही सबब मला लायसन्स लागत नाही. कोर्ट दरवेळी फेटाळतं, यांचं चालूच. अहो लायसन्सचा कायदा काय म्हणतो ते कायद्यात बघा ना! पण नुसतं हसून भागत नाही, कारण २००८ च्या हेलर केसमधे अमेरिकन सुप्रीम कोर्टानेच 'आर्म्स'चा (शस्त्रं) अर्थ लावायला जॉन्सनची १७७३ ची आवृत्ती आणि कनिंगहॅमची १७७१ ची लॉ डिक्शनरी काढली होती. फरक एवढाच की तिथे प्रश्न शस्त्रं बाळगण्याच्या हक्काच्या १७९१ च्या घटनादुरुस्तीचा होता, म्हणजे त्या काळच्या शब्दाला त्याच काळची डिक्शनरी.

आपल्याकडे लॉ करणाऱ्यांनी यासाठी धावू नये. मॉर्गेजचा (गहाण) जुना अर्थ कितीही रंजक असला तरी १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ५८ मधे व्याख्या दिलेली आहे, परीक्षेत तीच लिहा. मराठी वतन-इनामाचे कागद इंग्लिश रेकॉर्डसोबत वाचत असाल तर विल्सनची १८५५ ची ग्लॉसरी घ्या, न्याय आणि महसुलाचे देशी शब्द तिथे इंग्लिशमधे समजावलेत.

बाकी हे सगळं फुकट आहे, पण फोनवर वाचू नका. दोन रकाने, बारीक टाइप, झूम करून करून डोळे जातात. टॅब असेल तर ठीक, नाहीतर लागणारी पानं तेवढी प्रिंट काढा.