बारा ते आठ एवढ्याच वेळात जेवण : दहा महिन्यांनंतर

गेल्या जुलैत आषाढी एकादशीचा उपास सोडला आणि त्याच दिवशी मी इंटरमिटंट फास्टिंग सुरू केलं. दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्या वेळात काय ते खायचं. उरलेले सोळा तास फक्त पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. आज दहा महिने झाले. मी मुलुंड पूर्वेला राहते, नोकरी फोर्टात, वय ४७. घरात नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. घरातली माणसं आधीच सांगून ठेवते, कारण या प्रकाराबद्दलचं माझं मत निम्मं माझ्या रिपोर्टवरून आणि निम्मं त्यांच्यावरून बनलंय.

सुरुवात केली तेव्हा उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.२, उपाशीपोटी साखर ११२. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असलं की मधुमेह अजून नाही, पण दारात उभा आहे असं धरतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या दारात, असा अंदाज आहे. माझ्या वडिलांचा मधुमेह मी पंधरा वर्षं जवळून पाहिलाय. त्यामुळे तो रिपोर्ट हातात आला त्या रात्री झोप लागली नाही.

लेडीज डब्यात तेव्हा प्रत्येकीचं काहीतरी चालू होतं. एकीने भात-पोळी सोडून कीटो धरलं होतं, एकीने गहू बंद केला होता, एक सकाळी दुधीचा रस पिऊन निघायची. मी हा प्रकार निवडला तो एकाच कारणासाठी. वेगळा स्वयंपाक करायला लागत नाही. सकाळी साडेपाचला उठून चार माणसांचे डबे करणारीला पाचवी भाजी परवडत नाही. शिवाय विकत काहीच घ्यायचं नसतं, ना पावडर ना पाकीट.

पहिले दहा दिवस वाईट गेले. साडेदहाला डोकं ठणकायचं, आणि नेमका तेव्हाच ऑफिसात आल्याच्या चहाचा वास सुटायचा. रिकाम्या पोटी कोरा चहा मला अजिबात सोसला नाही, छातीत जळजळ व्हायला लागली. तो बंद करून गरम पाणी सुरू केलं तेव्हा बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र सकाळची भूक खरंच शांत झाली. रात्री आठला जेवण आटोपायचं म्हणून ऑफिसातून वेळेवर निघायला लागले, झोप सुधारली. पहिल्या महिन्यात दोन किलो कमी झाले.

ते कमी कशाने झाले हे मी कागदावर मांडून पाहिलं. आधी रात्री साडेनऊला मालिका बघताना चिवड्याची नाहीतर शेवेची वाटी असायची. सकाळी दोन कप दुधाचा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, सोबत चार बिस्किटं. आठचा नियम लागला आणि हे सगळं आपोआप गेलं. नंतर वाचलं तेव्हा तेच दिसलं. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात लठ्ठ असलेल्या १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे दोन गट करून दोघांनाही रोज किती कॅलरी खायच्या ते सारखंच ठरवून दिलं होतं. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात खायचं होतं. त्या गटाचं वजन सरासरी ८ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलोने, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान ठरला. अमेरिकेत २०२० साली ११६ जणांवर झालेला प्रयोग तर हुबेहूब माझ्याच वेळेचा होता, दुपारी बारा ते रात्री आठ, काय आणि किती खायचं यावर बंधन नाही. बारा आठवड्यांत किलोभरसुद्धा वजन गेलं नाही, आणि जे गेलं त्यात स्नायूही गेल्याचं दिसलं. घड्याळात जादू नाही, हे मला तेव्हा पटलं. माझ्या बाबतीत घड्याळाने चिवड्याचा डबा बंद ठेवला, काम त्याने झालं.

स्नायूंचं वाचल्यावर मी माझा डबा नीट बघितला. दोन पोळ्या, दुधीची नाहीतर भेंडीची भाजी, थोडा भात, वर पातळ वरण. रात्रीही जवळपास तेच. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला साधारण ५५ ग्रॅम. माझ्या दोन जेवणांतून चाळीसही भरत नव्हती. पूर्वी सकाळी पोहे-उपमा खायचे तेव्हा दाणे, कधी अंडं, कधी दूध पोटात जायचं. ते एक खाणं गेलं आणि त्याची भरपाई मी कुठेच केली नाही. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, फणीत गुंता दिसायचा. आता डब्यात मटकीची नाहीतर चवळीची उसळ असतेच, वरण घट्ट, दोन उकडलेली अंडी, आठवड्यातून दोनदा बांगडा. संध्याकाळी सीएसएमटीच्या फलाटावर भूक लागते तेव्हा पर्समधले चणे-फुटाणे. समोर वडापावची गाडी असताना मूठभर फुटाण्यांवर राहणं सोपं नाही, पण लोकलमध्ये बसायला मिळालं की निभतं.

याहून मोठी चूक चहाची. सकाळचा चहा गेला म्हणून मी दिवसाचे दोन्ही कप बारा ते आठच्या आत कोंबले, आणि पहिला कप डबा संपला की लगेच. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. या वयात पाळी अनियमित, रक्तस्राव जास्त, त्यात हे. ऑक्टोबरच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ वरून ९.६ वर आलं होतं. जिना चढताना धाप लागायची, ती मी वजन उतरल्याचा थकवा समजत होते. तीन महिन्यांत वजन ६४.५ झालं म्हणून मी खुशीत होते, आणि आमच्या डॉक्टरांनी वजनाकडे बघितलंही नाही. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, चहा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगितला, पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगितलं. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती प्रत्येक बाईला माहीत हवी. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणजे माझ्या सुरुवातीच्या ६.२ मध्येही थोडा हात अशक्तपणाचा असू शकतो, आणि पुढे आकडा उतरला तर त्याचं सगळं श्रेय उपासाला देता येणार नाही. म्हणून मी आता उपाशीपोटीची साखरही सोबत बघते.

आता सासूबाईंचं. माझी कंबर कमी झालेली बघून नवरात्रात त्या म्हणाल्या, "अगं, मीही करते की तुझ्यासारखं. जन्मभर एकादश्या, चतुर्थ्या काय कमी केल्यात?" मी म्हटलं, "करा ना आई, हलकं वाटेल." हे वाक्य मला आजही टोचतं. त्यांना अठरा वर्षांचा मधुमेह आहे आणि त्या मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड घेतात. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. आई ती गोळी वर्षानुवर्षं सकाळी आठला घेतात, वर नाश्ता. नाश्ता बंद झाला, गोळी चालूच राहिली. त्यांच्या एकादशीला पूर्वी कधी काही झालं नाही, कारण साबुदाण्याची खिचडी, रताळं, दाण्याची आमटी वेळेवर पोटात जायची. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, त्या दुपटीनेच त्यांना सांभाळलं होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी सव्वाअकराला मुलीचा फोन आला. "आई, आजी घामाघूम झालीय, हात थरथरतायत आणि काहीतरी भलतंच बोलतेय." नशिबाने तिला कॉलेज नव्हतं. ग्लुकोमीटरवर ५२. सत्तरच्या खाली गेली की साखर उतरली समजायचं, ५४ च्या खाली धोका. मी फोनवरून सांगत होते, ती करत होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून, आजी शुद्धीवर आहे, गिळतेय, याची खात्री करून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ७४. मग वरण-भात भरवला, कारण त्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. मी मिळेल त्या लोकलने घरी निघाले. दादर ते मुलुंड एवढा लांब प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. उपास त्यांनी तिथल्या तिथे बंद केला, गोळीचा डोस कमी केला आणि दिवसातून तीन जेवणं व मधे थोडं खाणं ठरवून दिलं. मला रागावले नाहीत. "मला एक फोन करायचा होतात," एवढंच म्हणाले.

म्हणून कोणी मला विचारलं की मी आधी विचारते, घरात साखरेची कोणती गोळी चालू आहे? इन्शुलिन आहे का? रक्तदाबाचं औषध? ही यादी घेऊन डॉक्टरांकडे गेल्याशिवाय मधुमेही माणसाने जेवण पुढे ढकलू नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाची मुलं, आधीच वजन कमी असलेली म्हातारी माणसं यांनी तर या वाटेला जाऊ नये.

नवऱ्याने दीड महिना केलं. बाराला एवढं जेवायचा की दुपारभर सुस्ती आणि रात्री ॲसिडिटी. सोडलं, मी आग्रह केला नाही. मुलीची काळजी वेगळी होती. तिचं वजन व्यवस्थित आहे, तरी मला बघून तीही डबा परत आणायला लागली आणि आरशासमोर जास्त वेळ उभी राहायला लागली. वीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उपाशी राहणं म्हणजे शिस्त असं बसणं मला भीतीदायक वाटतं. तिच्याशी नीट बोलले, आणि तेव्हापासून घरात वजनकाट्याचे आकडे मोठ्याने सांगणं बंद केलं.

गणपतीत मी दहाही दिवस वेळ पाळली नाही. गौरीजेवणाचं ताट घड्याळ बघून जेवणं मला जमलं नसतं. दीड किलो वाढलं, तीन आठवड्यांत परत उतरलं. डिसेंबरनंतर मी वेळही बदलली. आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे, चौविहार पाळतात, सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपतं. मुंबईच्या नोकरीत ते मला शक्य नाही, पण सकाळचं खाणं उडवण्यापेक्षा रात्रीचं लवकर उरकावं हे त्यांच्याकडे बघून सुचलं. आता सकाळी दहाला ऑफिसात नाचणीची भाकरी आणि अंडं खाते, रात्री पावणेआठला जेवण संपवते. म्हणजे चौदा तास. केस गळणं थांबलं. वजन ६४ च्या आसपास रेंगाळत होतं, ते हळूहळू ६३ वर आलं.

मे महिन्याचा रिपोर्ट असा : कंबर ८८, एचबीएवनसी ५.८, उपाशीपोटी साखर १०१, हिमोग्लोबिन १२.१. मी हे चालू ठेवणार आहे, चौदा तासांवरच. आमरस फक्त रविवारी, एक वाटी, पुरीऐवजी पोळीबरोबर. सकाळी घर सोडण्याआधी आईंची उकड झाकून ठेवते, आणि त्या जेवायला बसल्या की त्यांच्या हातात गोळी देते, आधी देत नाही. ग्लुकोमीटर, साखरेची डबी आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवरच्या टोपलीत एकत्र असतं. कुठे आहे ते घरात चौघांनाही माहीत आहे.