गेम बॉय कॅमेरा आणि रस्त्यावरचे बाक: आठ महिन्यांनंतर

गेम बॉय हे निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र. त्यात खोचायच्या कार्ट्रिजवर, म्हणजे छोट्या डबीवर, बसवलेला, १९९८ साली आलेला गेम बॉय कॅमेरा मी आठ महिने एकाच कामाला लावलाय: सार्वजनिक जागेतले बाक टिपायचे. चित्र १२८ बाय ११२ ठिपक्यांचं, करड्याच्या छटा चारच. फोनशी तुलना करायची असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

मी तो घेतला चेहरे टाळायला. दहा पावलांवरचा माणूस यात ओळखू येत नाही, पण तो ऐसपैस बसलाय की अंग चोरून, हे कळतं. अनोळखी माणसांचे फोटो काढताना मनाला लागणारी टोचणी गेली आणि मग वेगळंच दिसायला लागलं. कुणी आडवं होऊ नये म्हणून बाकांवर मध्ये मध्ये लोखंडी दांडे बसवतात. रंगीत फोटोत झाडं, पाट्या, कपडे नजर खेचून घेतात आणि दांडे निसटतात. इथे पानापाचोळ्याचा नुसता ठिपक्यांचा चुरा होतो आणि दांडे काळ्याकुट्ट रेघा होऊन समोर येतात. आता माझी मालिका त्या रेघांचीच आहे.

कार्ट्रिजमध्ये फोटो मावतात ३०. पुढचा हवा तर आधीचा एक पुसायचा. त्यामुळे बाकासमोर बराच वेळ थांबायची सवय लागली. एकदा एक आजी म्हणाल्या, "टेकायला बरंय रे, पण पाठीला काही नाही." तोवर पाठ नसलेले बाक माझ्या लक्षातच आले नव्हते.

सर्वांत मोठा धोका आतल्या बटण सेलचा. फोटो त्याच्याच जिवावर टिकतात. तिसऱ्या महिन्यात जुना सेल संपला आणि सगळे फोटो गेले. नवा सेल सोल्डर करून घेतला. आता घरी आलो की आधी फोटो संगणकावर उतरवतो. जोडीचा प्रिंटर सहा पेन्सिल सेल खातो, पण बाकावरच्या माणसाच्या हातात तिथल्या तिथे चिठ्ठीएवढा फोटो देता येतो, म्हणून तो मी बरोबर बाळगतोच. त्याला शाई लागत नाही, कागद उष्णतेनं काळा होतो. उन्हात मात्र चित्र फिकं पडतं, हे देतानाच सांगतो.

खरी खंत रात्रीची आहे. त्या दांड्यांपायी कुणाला फरशीवर पडावं लागतं ती हीच वेळ, आणि नेमकं तेव्हा या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. माझ्या गेम बॉयच्या पडद्यालाही स्वतःचा उजेड नाही. सध्या दिव्याच्या खांबाखालचे बाक हुडकतोय.